कोंबडी ओरडून सांगते अंडं घातलं, आणि दुपारी पेटी रिकामी. कोण नेत असेल?

पडवीतली सून

नमस्कार मंडळी. हसू नका, खरोखर वैतागलेय म्हणून विचारतेय. माझं माहेर डोंबिवली, त्यामुळे अंडी म्हणजे वाण्याकडून डझनभर आणायची आणि फ्रिजच्या दारात लावायची एवढीच अक्कल. आता नवऱ्याचं नि माझं दोघांचंही काम घरून, म्हणून दीड वर्षापासून गुहागरजवळ सासरी राहतोय. घरात आम्ही दोघं, आई-अण्णा म्हणजे सासू-सासरे, एक कुत्रा आणि पाच कोंबड्या. त्यातल्या तिघी पावसाने बेजार होऊन पिसं फुगवून बसल्यात, चंपी खुडूक झालीय (म्हणजे अंडी द्यायचं थांबवून उबवायला बसलीय), अंडी देणारी सध्या एकच. तिला आम्ही मास्तरीण म्हणतो, कारण चालताना ती सगळ्यांकडे तशीच बघते.

पडवीत बाकड्याखाली आंब्याची जुनी पेटी ठेवलीय, खाली आदल्या दिवशीचा पेपर, वर पेंढा. मास्तरीण साडेदहा-अकराला त्यात बसते आणि मग अख्खी वाडी गोळा होईल असं कटाक-कट-कट-कटाऽक सुरू करते. नेमका तेव्हाच माझा कॉल असतो. एकदा तर पलीकडून विचारलं, कुणाला बरं नाहीये का घरात. दीडला जेवायला उठते, पेटीत बघते तर आत फक्त ते ठेवणीचं जुनं अंडं. (एक अंडं कायम आत ठेवायचं, नाहीतर कोंबडी जागा बदलते, हे मला अण्णांनी शिकवलं.) नवीन अंडं गायब. टरफल नाही, डाग नाही, काही नाही.

खायला नकोय हो कुणाला. श्रावण आहे आणि आमच्याकडे कडक असतो, आई तर महिनाभर कांदालसणाची टोपलीसुद्धा माळ्यावर टाकतात. मला अंडी हवीत ती चंपीखाली ठेवायला. आई म्हणतात विषम आकडा लागतो, ९ नाहीतर ११. पंधरा दिवसांत माझ्याकडे जमलीत ४. चारही शनिवार-रविवारची.

नवरा म्हणतो मुंगूस. अण्णा म्हणतात मुंगूसच, त्यांनी विहिरीकडे जाताना डोळ्यांनी बघितलंय. आई यावर काही बोलत नाहीत, ताक घुसळत राहतात. परवा मी म्हटलं लॅपटॉप घेऊन पडवीतच बसते, तर अण्णा म्हणाले, पावसाचे शिंतोडे येतात, तू आत बस, मी पलीकडे भाऊकाकांकडे पेपर वाचायला जाताना मारत जाईन एक फेरी पेटीवरून. ते बिचारे रोज फेरी मारतात तरी अंडं जातंच. काय करू?

तिठ्यावरचा

मुंगूस खातं तेव्हा पसारा करतं. फुटकी टरफलं, पेंढा चिकट झालेला, एखादं अंडं घरंगळत अंगणापर्यंत गेलेलं. नाग मात्र अख्खं गिळतो आणि मागे काही ठेवत नाही, पण नाग आला तर कोंबड्या असा कल्ला करतील की अंडं घातल्याचं ओरडणं त्यापुढे भजन वाटेल. घोरपड म्हणावी तर ती पण अंडीचोर, पण कुत्रा गप्प बसायचा नाही.

आधी मास्तरणीचीच चोच बघ. कोंबड्यांना अंगात चुना कमी पडला की कवच पातळ होतं, चुकून फुटतं, मग चव कळते आणि स्वतःचंच फोडून खायची खोड लागते. चोचीला पिवळं दिसेल. तसं असलं तर कालवांचे नाहीतर तिसऱ्यांचे शिंपले कुटून खाद्यात घाल. श्रावण तुमचा आहे, कोंबडीचा नाही.

आजीचा टायपिस्ट

आजीला वाचून दाखवलं. आजी म्हणते, "अगो बाय माझ्या, कोंबडी दुसरीकडे घालीत असतली. सकाळी सोडूच नको तिका. आदी चाचपून बघ, अंडा असला तर डालग्याखाली झाकून ठेव."

चाचपून म्हणजे काय ते शहरातल्या मंडळींसाठी सांगतो. कोंबडी काखेत धरायची आणि बोटाने मागून अंदाज घ्यायचा की अंडं आलंय का. आमच्या आजीला रात्रीच कळतं उद्या कोण घालणार नि कोण दांडी मारणार. वाडीतल्या बायका संध्याकाळी आपापली कोंबडी घेऊन येतात तपासणीला, पायरीवर बसून नंबर लावतात, आम्ही त्याला आजीची ओपीडी म्हणतो. एकदा आजी एका कोंबडीला बघून म्हणाली हा कोंबो आसा. मालकीण चार महिने त्याला अंडं देत नाही म्हणून शिव्या घालत होती.

पडवीतली सून

@तिठ्यावरचा चोच साफ आहे. @आजीचा टायपिस्ट आजींना नमस्कार सांगा, पण ती पेटीतच घालते हे नक्की. मंगळवारी कॅमेरा बंद केला, हेडफोन तसाच कानात आणि धावत पडवीत गेले. अंडं गरम होतं, म्हणजे चहाच्या कपाला हात लावतो तसं गरम, वर किंचित ओल, आणि ती ओल माझ्या तळव्यावर बघता बघता सुकली. मी इतकी हरखले की कॉलवर मोठ्याने "अगं बाई" म्हणाले. म्यूट नव्हतं. तर त्या गडबडीत अंडं परत पेटीत ठेवून आत पळाले. दीडला गायब!!

चुलीवरचा रस्सा

सोप्पा उपाय. एका अंड्याला सुईने भोक पाड, आतलं काढून टाक, आत झणझणीत मालवणी मसाला भर, मेणाने बंद कर, ठेव पेटीत. जो खाईल त्याला जन्माची अद्दल.

गोठ्यातला डॉक्टर

वरच्या उपायात एक घोळ आहे. पक्ष्यांना मिरची तिखट लागतच नाही. पोपट लवंगी मिरच्या करकर खातो ते काही धाडस म्हणून नाही, त्याला ती जाणीवच नसते. तिखटाचा ठसका लागतो सस्तन प्राण्यांना. म्हणजे कोंबडी, कावळा, भारद्वाज यांच्यावर मसाला फुकट जाईल, मुंगूस मात्र सापडेल. आणि उगाच आपलं सांगून ठेवतो, माणूस पण सस्तनच.

बाकी सूनबाईंसाठी कामाचं. एक अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात, त्यामुळे घालायची वेळ रोज थोडी पुढे सरकते आणि मग मध्येच एक दिवस सुट्टी. त्यात पावसाळ्यात उजेड कमी, अंडी कमी. गावठी कोंबडी वर्षाला ६०-७० देईल, फार्मवरच्या पांढऱ्या लेगहॉर्नसारखी ३०० नाही. तेव्हा रोजचं एक हरवलं असा हिशोब धरू नका, तीन-चार दिवसांत एक खाडा कोंबडीचा स्वतःचा असतो.

उबवायची अंडी आठवडा, फार तर दहा दिवसांच्या आतली हवीत, निमुळतं टोक खाली करून ठेवायची, आणि धुवायची अजिबात नाहीत. कवचावर एक पातळ थर असतो, तो गेला की बारीक बारीक छिद्रांतून जंतू आत. खूण करायची तर पेन्सिलीने, पेनने नको. तुमच्या चारातली पहिली दोन आता चंपीच्या कामाची नाहीत. आणि माझं ऐकाल तर पावसात पिल्लं काढूच नका, ओलीत गारठतात आणि पटापट जातात. एवढं करून बसवलीतच तर पिल्लं येतील २१ दिवसांनी, सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर धरून बघा, आत लाल रेषांचं जाळं दिसलं तर धरलं म्हणायचं.

ठेवणीच्या अंड्यावरही खूण करा म्हणजे निदान तेच राहतंय की बदलतंय ते कळेल.

वेळासचा होमस्टेवाला

ठेवणीला खरं अंडं कशाला वाया घालवता? आम्ही खुराड्यात टेबल टेनिसचा चेंडू ठेवतो, कोंबडीला फरक कळत नाही. पण त्याचीही एक गंमत झालीय.

मार्चमध्ये आमच्याकडे कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला पाहुणे येतात. ऑलिव्ह रिडलेची मादी एका खड्ड्यात शंभरच्या आसपास अंडी घालते, गोल, पांढरी, मऊ चामड्यासारखी, जवळपास टेबल टेनिसच्या चेंडूएवढी. पूर्वी लोक ती खणून न्यायचे, २००२ पासून गावात राखण सुरू झाली आणि आता कुणी हात लावत नाही. तर एका वर्षी एक पाहुण्या बाई, फार तळमळीच्या, संध्याकाळी माहितीचं भाषण ऐकून आल्या आणि सकाळी आमच्या खुराड्यात डोकावल्या. कोंबडीखाली पांढरा गोल चेंडू! झालं. मला काही न विचारता मोबाईलवर फोटो, कासववाल्या पोरांना फोन, "होमस्टेवाल्यांनी कासवाचं अंडं चोरून कोंबडीखाली उबवायला ठेवलंय, वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे". पोरं आली, माझ्याच वर्गातली. एकाने गंभीर तोंड करून चेंडू हातात घेतला, उजेडाला धरला, बाईंकडे बघितलं आणि फरशीवर सोडला. टॉक टॉक टॉक करत माजघरापर्यंत गेला. कोंबडी त्याच्या मागे.

बाई दुसऱ्या वर्षी परत आल्या, पुण्याहून नवीन सहा चेंडू घेऊन. नाश्त्याला ऑम्लेट मात्र अजून विचारून खातात, "हे कोंबडीचंच ना?"

तुतारीचा प्रवासी

थोडं विषयाबाहेर, पण अंडी निघालीच आहेत तर. दर मे महिन्यात कुडाळहून निघताना आई बिस्किटाचा पत्र्याचा डबा देते, भाताच्या तुसात गावठी अंडी पुरून. वर झाकणाला सुतळी. सीटखाली नाही, बर्थवर नाही, मांडीवर घ्यायचा दादरपर्यंत. रात्रभर मी त्या डब्याला मिठी मारून झोपतो, समोरचा प्रवासी सोनं समजून माझ्याकडे बघत असतो.

एका वर्षी आईने घाईत चुकीच्या टोपलीतून अंडी उचलली. म्हणजे खुडूक कोंबडीखालची. घरी आल्यावर डबा ओट्यावर ठेवून दोघंही झोपलो. दुपारी बायको हलवून उठवते, म्हणे डब्यात मोबाईल वाजतोय. तुसात हात घातला तर एका अंड्याला चीर, त्यातून एवढीशी चोच, आणि चीऽव चीऽव. तिसऱ्या मजल्यावर, वन बीएचके. आईला फोन लावला तर ती म्हणाली, "एकच ना? मग बाकीच्यांचा आम्लेट करू नको हां, थांब दोन दिवस." एकूण तीन निघाली. टेबललॅम्पखाली खोक्यात वाढवली, सोसायटीच्या सेक्रेटरीला कळेपर्यंत महिना गेला, गणपतीला परत गावाला नेली. तीच सीट, तोच डबा, झाकणाला फक्त भोकं पाडली.

खवचट

मी कालपासून धागा वाचतोय आणि मला एक कळत नाहीये. मुंगसाला शनिवार-रविवार सुट्टी असते का? सूनबाई स्वतःच म्हणताहेत की सुट्टीच्या दिवसांची अंडी शाबूत आहेत. बरं, मुंगूस नवीन अंडं नेतं आणि ठेवणीचं बरोब्बर मागे ठेवतं, म्हणजे कोंबडीने जागा बदलू नये याची त्याला काळजी. एवढं शिकलेलं मुंगूस कोकणात एकच असणार, आणि त्याला हे कुणी शिकवलं ते वर कंसात लिहिलंय.

आणखी एक. पेटीत खाली आदल्या दिवशीचा पेपर घालता ना? म्हणजे पेपर तुमच्याकडे येतो. मग रोज भाऊकाकांकडे जाऊन कुठला पेपर वाचतात?

भाऊकाका श्रावण पाळतात का, एवढंच विचारून बघा.

तिठ्यावरचा

😂😂 मी शिंपले कुटायला सांगत बसलो.

चुलीवरचा रस्सा

मसाला भरू नका हो मग. वयस्कर माणूस आहे.

पडवीतली सून

आलेय परत. चार दिवस लिहायला तोंड नव्हतं.

@खवचट तुमचं वाचून आधी रागच आला. आमचे अण्णा म्हणजे देवघरात तासभर बसणारा माणूस. पण डॉक्टरांनी सांगितलं तसं मी गुरुवारी ठेवणीच्या अंड्यावर पेन्सिलीने खूण केली होती, नुसती फुली काय मारायची म्हणून दोन डोळे, नाक आणि हसरं तोंड काढलं. शुक्रवारी दीडला पेटीत एक अंडं होतं. कोरं. नवीन होतं ते राहिलं आणि हसरं गेलं! मुंगसाची चूक झाली, चेहरा पेंढ्यात खालच्या बाजूला असणार आणि चष्मा घरी राहिला असणार.

शनिवारी आईंनी पातोळे केले, हळदीच्या पानांचा वास मागच्या पडवीपर्यंत. म्हणाल्या, चार भाऊकाकांना देऊन ये. भाऊकाका एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, एकटेच असतात, श्रावण-बिवण काही नाही. त्यांच्या पायरीवर अबोलीच्या कुंड्या आहेत चार. तिसऱ्या कुंडीत मातीवर अर्धं टरफल पडलेलं, आणि त्यातून दोन डोळे माझ्याकडे बघतायत. नाकाखाली तुटलं होतं. हसरं तोंड शेजारच्या कुंडीत.

मी ताटली हातात धरून तशीच उभी. भाऊकाका बाहेर आले, माझ्याकडे बघितलं, कुंडीकडे बघितलं आणि म्हणाले, "अबोलीला चांगलं असतं टरफल." मी म्हटलं हो, आणि अण्णांना? तर हसायला लागले. मग सगळं ओकले. रोज अकराला अण्णा लेंग्याच्या खिशात अंडं घालून येतात, भाऊकाका कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची घालून आम्लेट टाकतात, अर्धं अर्धं, पाव बेकरीवाल्याचा. जून-जुलै मासेमारी बंद म्हणून सुकटीवर काढले, समुद्र उघडला तोवर श्रावण लागला, माणसाने जगायचं कसं, हा अण्णांचा युक्तिवाद. वर तक्रार अशी की "कालचं अंडं जरा पाणचट निघालं, तव्यावर पसरलंच". पसरेल नाही तर काय, नऊ दिवसांचं होतं ते, जुन्या अंड्याचं पांढरं पातळ होतं.

संध्याकाळी अण्णा स्वतःच माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, डॉक्टरांनी प्रोटीन सांगितलंय. मी म्हटलं आईंना सांगितलंय का? म्हणाले, तिला मुंगूसच राहू दे. मग आमचा करार झाला की एक अंडं चंपीचं, एक अण्णांचं, एक दिवसाआड, आणि अंडं उचलताना चष्मा लावायचा. (पिल्लांचं मी गणपतीनंतर बघणार आहे, डॉक्टरांचं ऐकून. पण ते अण्णांना अजून बोलले नाहीये, नाहीतर चंपीचा वाटाही खिशात जाईल.)

आता आजचं. आजची पाळी अण्णांची. मास्तरीण अकराला ओरडली, मी कॉलवर कान देऊन ऐकत होते, पडवीत पावलं वाजली, थांबली, आणि बराच वेळ काहीच नाही. दीडला गेले तर पेटीत दोन्ही अंडी जागच्या जागी. एक ठेवणीचं. ते हातात घेऊन फिरवलं तर त्यावर पेन्सिलीने, आईंच्या त्या गोल गोल बालवाडीतल्यासारख्या अक्षरात लिहिलेलं, "आज सोमवार आहे".

अण्णा वर बाकड्यावर बसून पेपर वाचत होते. आमच्याच घरचा.